जुनी कादंबरी निवडायची नोंदवही : रीडाथॉनच्या आधीचे सात आठवडे

३ जानेवारी, शनिवार

ग्रुपवर रीडाथॉन ठरलं एकदाचं. अकरा जण आहोत, त्यातले निम्मे नुसता अंगठा टाकणारे, पण यावेळी सगळ्यांनी हो म्हटलंय. नियम असे की १९५० च्या आधी छापलेली मराठी कादंबरी हवी, ग्रुपमधल्या कुणीच वाचलेली नको, आणि हल्ली कुणी तिचं नाव काढत नाही अशी हवी. २० ते २२ फेब्रुवारी या तीन दिवसांत वाचून काढायची आणि २७ ला मराठी भाषा गौरव दिनाला तिच्यावर दहा मिनिटं बोलायचं. पुस्तकाचं नाव ८ फेब्रुवारीच्या रात्री बारापर्यंत टाकायचं, नंतर बदल चालणार नाही.

मला वाटतंय निवडायला एक संध्याकाळ पुरेल. तरी वहीत टिपत जाते, पुढच्या वर्षी कुणाला करायचं असेल तर माझ्या चुका त्याला फुकटात मिळतील.

४ जानेवारी

आठवतील तेवढी नावं लिहिली. बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७), गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१), धनुर्धारींची 'वाईकर भटजी', मुकुंदराव पाटलांची 'ढढ्ढाशास्त्री परान्ने', ना. ह. आपट्यांची 'न पटणारी गोष्ट', काशीबाई कानिटकरांची 'पालखीचा गोंडा' (१९२८), केतकरांची 'ब्राह्मणकन्या' (१९३०), मामा वरेरकरांची 'धावता धोटा', गीता साने यांची 'निखळलेली हिरकणी' (१९३६) आणि मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' (१९४२). दहा झाली.

'यमुनापर्यटन' लगेच खोडली. पहिली मराठी कादंबरी, १८५७, बाबा पद्मनजी, हे स्पर्धा परीक्षेची पोरं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, ती कुठली दुर्लक्षित. 'निखळलेली हिरकणी' ग्रुपमधल्या एकीने एम.ए.ला वाचलेली निघाली, म्हणजे ती पण गेली, वाईट वाटलं कारण मला तीच हवी होती. 'वाईकर भटजी' हे गोल्डस्मिथच्या 'व्हिकार ऑफ वेकफील्ड'वरून केलेलं आहे, आणि नाव सुद्धा कसं बसवलंय बघा, व्हिकारचा वाईकर! पण रूपांतर चालेल का यावर ग्रुपवर चाळीस मेसेज पडले आणि निष्पन्न काही नाही, म्हणून मीच बाजूला ठेवली.

सात उरल्या. उद्यापर्यंत ठरेल.

१० जानेवारी, शनिवार

ठरलं नाही. शिवाय ६५० रुपये गेले.

झालं असं की 'न पटणारी गोष्ट' जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडे शोधत होते. तिथे 'आपटे, जुन्या कादंबऱ्या, तीनचा संच' असं दिसलं, फोटोत नुसती कापडी बांधणीची पाठ, त्यावरची अक्षरं झिजलेली. मी उत्साहात मागवला. आज खोका फोडला तर आत 'उषःकाल', 'वज्राघात' आणि 'मी'. म्हणजे ह. ना. आपटे. मला हवे होते ना. ह. आपटे. हरि नारायण ते 'पण लक्षात कोण घेतो' वाले, १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक सुरू करणारे. नारायण हरि ते वेगळे, त्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून प्रभातने १९३७ साली 'कुंकू' काढला. शाळेत असताना या दोन आपट्यांवरून मी दुसऱ्यांना हसले आहे, आता माझीच पाळी आली. विक्रेत्याची काही चूक नाही, त्याने संचात ना. ह. आहेत असं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

सासूबाई खोका उघडताना शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "'कुंकू'चीच गोष्ट ना ती? म्हाताऱ्याशी लग्न लावतात आणि ती पोरगी त्याला नवरा मानायलाच तयार नसते. अगं मग पिक्चर बघ की, दोन तासांत काम होईल." दहा मिनिटांच्या भाषणाला त्यांचा हा सल्ला वाईट नव्हता, पण ज्या गोष्टीचा शेवट घरातल्या सगळ्यांना पाठ आहे ती तीन दिवस वाचण्यात मजा नाही. ती पण कटाप.

लक्षात ठेवायचं: आद्याक्षरं दोनदा वाचा. आणि 'संच' हा शब्द दिसला की आतल्या पानाचा, म्हणजे नाव, लेखक, साल असलेल्या पानाचा फोटो मागा, पैसे त्यानंतर.

११ जानेवारी

शं. ग. दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' हाताशी घेतली. १८०० ते १९३७ पर्यंतची छापील मराठी पुस्तकं एका माणसाने नोंदवून ठेवलीत, नंतर १९५० पर्यंतचा दुसरा खंडही केला. हे आधी करायला हवं होतं. नाव, लेखक, साल, पानं, सगळं एका ओळीत. मी बसले होते 'न पटणारी गोष्ट'ची नोंद बघायला आणि उठले दोन तासांनी, कारण कादंबऱ्यांच्या पानांमागून पानं आहेत, आणि त्यातली नावंच अशी की एकेक वाचून हसू येतं नाहीतर हात थांबतो. दर पाच नावांतलं एखादंच ओळखीचं. मग दुर्लक्षित म्हणजे नक्की कोण, आपल्याला नाव तरी ठाऊक आहे ते, की ज्यांचं नाव फक्त दात्यांना ठाऊक होतं ते? हा प्रश्न मी ग्रुपवर टाकला. तीन अंगठे आले.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ सोडून काही काम नाही.

१७ जानेवारी, शनिवार

'पालखीचा गोंडा' नक्की करायची असं मनाने घेतलं होतं. वेडसर राजाशी लग्न लावून दिलेली मुलगी संस्थानाचा कारभार हातात घेते आणि बायकांना राज्यकारभारात आणते, हे १९२८ साली एका बाईने लिहिलंय, आणि ती बाई कोण तर लग्नानंतर घरच्यांच्या नजरेआड चोरून लिहायला वाचायला शिकलेली. यापेक्षा चांगलं भाषण मला मिळणार नव्हतं. स्कॅन एका ओळखीच्यांकडे होतं, त्यांनी पाठवलं. काशीबाई १९४८ ला गेल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे स्कॅन एकमेकांना द्यायला आडकाठी नाही. (हे प्रत्येक लेखकाचं वेगळं बघा हो. जुनं दिसतंय म्हणजे मोकळं, असं नसतं. गीता साने १९९१ ला गेल्या, त्यांची पुस्तकं १९३६ ची असली तरी अशी फिरवता येणार नाहीत.)

स्कॅनचं शेवटचं पान उघडलं, पानाचा आकडा सूचीशी ताडून बघितला, जुळला. खूश होऊन पूर्ण फाइल झेरॉक्सवाल्याकडे नेली, पाठपोट प्रिंट आणि स्पायरल, २९० रुपये. मला फोनवर वाचवत नाही.

रात्री चाळताना बघते तर पान ११२ नंतर थेट १२९. सोळा पानं नाहीत. आधी वाटलं झेरॉक्सवाल्याने गाळली, त्याला फोन करून दोन शब्द ऐकवले पण. मग फाइल बघितली, तिच्यातच नाहीत. माझ्या नवऱ्याचा मामा छापखान्यात होता, त्याला विचारलं तर लगेच म्हणाला, "सोळा म्हणजे अख्खा फर्मा गेलाय गं. १ ते १६ पहिला, १७ ते ३२ दुसरा, असं मोज. ११३ ते १२८ हा आठवा. शिवण सुटली की फर्मा सबंध निखळतो, एकेक पान नाही जात." मोजलं. बरोब्बर आठवा.

झेरॉक्सवाल्याची उद्या माफी मागायची.

चूक माझी कुठे झाली तर मी शेवटचा आकडा जुळवला. तो जुळणारच, शेवट शाबूत आहे, भगदाड मधे आहे. आता पद्धत अशी ठरवली की प्रिंटच्या आधी फाइलमध्ये १७, ३३, ४९, ६५ अशी प्रत्येक फर्म्याची पहिली पानं उघडून बघायची. मोठ्या कादंबरीला सुद्धा पाच मिनिटं लागतात. २९० रुपये वाचतात.

१८ जानेवारी

आठवा फर्मा दुसरीकडून मिळतो का म्हणून तीन ठिकाणी विचारलं. एके ठिकाणी प्रत आहे पण फक्त तिथेच बसून वाचायची, वेळ अकरा ते पाच, शनिवार अर्धा दिवस, रविवार बंद. माझी नोकरी साडेनऊ ते सहा. हे वेळापत्रक कुणासाठी केलंय मला कळत नाही, निवृत्त आणि पीएचडीवाले सोडून. रजा टाकून सोळा पानं वाचायला जायचं मनात होतं, पण ऑफिसात मार्चची गडबड आत्ताच सुरू झालीय.

२१ जानेवारी, बुधवार

'धावता धोटा' काल मिळाली. जुन्या लायब्ररीतून, अनामत ५०० भरून (परत मिळते). काउंटरवरचे काका देताना म्हणाले, "ताई, हे खरं म्हणजे घरी द्यायचं नसतं. जपून." मी हो म्हटलं आणि आज लगेच ती ८.१४ च्या लोकलमध्ये काढली. स्वतःला शहाणी समजते ना.

कारण असं की गिरणगावातली, गिरणी कामगारांची कादंबरी परळ, करी रोड, चिंचपोकळीवरून जाताना वाचायची यापेक्षा भारी काय. धोटा म्हणजे मागावरचा तो इकडून तिकडे पळणारा, सूत घेऊन. डोंबिवलीहून मुद्दाम स्लो पकडली, फास्ट करी रोडला थांबत नाही.

मुलुंडपर्यंत ठीक. भांडुपला बाया चढल्या, मी पुस्तक छातीशी घेतलं, आणि पुन्हा उघडलं तेव्हा वरच्या कोपऱ्याचा तुकडा, असा पापडाच्या कडेएवढा, हातात आला. फाटला नाही हां, तुटला. कागद वाकतच नव्हता, मोडत होता. मी तो तुकडा पानात ठेवायला गेले तोवर पंख्याने उचलला आणि समोरच्या बाईच्या गजऱ्यावर जाऊन बसला. शेजारच्या मावशी एवढा वेळ बघत होत्या, म्हणाल्या, "पोथी आहे का? मग गाडीत कशाला आणलीस?" मी म्हटलं कादंबरी आहे. त्या म्हणाल्या, "मग एवढी जुनी का वाचतेस?" भायखळा आलं, उत्तर द्यायचं राहिलं.

करी रोडला काय दिसलं ते सांगायचंच राहिलं. टॉवर दिसले.

२४ जानेवारी, शनिवार

पुस्तक परत केलं. तुटलेले चार तुकडे (लोकलमधला एक गेलाच) पाकिटात घालून दिले आणि खरं काय ते सांगितलं. शंभर रुपये दंड. काका रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी दाखवलं, मधे कधीतरी पुन्हा बांधणी केलीय तेव्हा बाइंडरने कडा सारख्या करायला कटिंग मशीनवर मारलंय, त्यामुळे बाहेरचा समास जवळजवळ नाही, बोट ठेवलं की ते अक्षरावरच पडतं. आणि आत शिवण इतकी घट्ट की पान सपाट होत नाही, उघडलं की कण्यापाशी मोडतं. अशी प्रत टेबलावर, दोन्ही बाजूंना उशी किंवा जाड पुस्तकं लावून अर्धीच उघडायची आणि पान वरच्या कोपऱ्याला धरून न उलटता खालून तळहाताने उचलायचं. हे मला २१ तारखेच्या आधी कळायला हवं होतं.

पानांत कसर पण होती, ती चंदेरी पळणारी. घरी आल्यावर माझं स्वतःचं कपाट रिकामं करून पुसायला घेतलं, त्यात उद्याचा रविवार पण जाणार.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. वेग मोजायचं ठरवलं कारण तीन दिवसांत होईल का हाच खरा प्रश्न आहे आणि तो मी आत्तापर्यंत विचारलाच नव्हता. मोबाइलवर टायमर लावून आजची एक साधी कादंबरी, दहा पानं: १४ मिनिटं. मग चुकून आलेल्या संचातली 'उषःकाल', दहा पानं: २७ मिनिटं. जवळजवळ दुप्पट. आणि दहा पानांनंतर डोळे चुरचुरायला लागले.

काय अडतं तर अनुस्वार. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले ते सगळे इथे हजर, 'नाहीं', 'तें', 'घरांत', 'करितां', 'कां'. डोळा प्रत्येक टिंबावर ठेचकाळतो, आत 'नाहीङ्' असं काहीतरी वाजतं. जुन्या छपाईत 'ख' सुटून 'रव' दिसतो ते वेगळंच, एका ठिकाणी मी 'रवरें' वाचून अर्धं मिनिट विचार करत बसले, ते 'खरें' होतं. त्यात स्वल्पविराम कमी आणि वाक्य अर्ध्या पानाचं.

उपाय योगायोगाने सापडला. सासूबाईंचा मोतीबिंदू झालाय एका डोळ्याचा, त्यांना वाचवत नाही, त्या म्हणाल्या मोठ्याने वाच मी पण ऐकते. मोठ्याने वाचायला लागल्यावर टिंबं दिसेनाशी झाली. तोंड आपोआप 'नाही' म्हणतं, 'ते' म्हणतं, डोळ्याला थांबायला वेळच मिळत नाही. लांब वाक्यं पण आवाजात बसतात, कारण ती बहुतेक कीर्तनकाराच्या श्वासाने लिहिलेली आहेत. दहा पानं मोठ्याने: २४ मिनिटं. म्हणजे मनात वाचण्यापेक्षा कमीच, आणि डोळे दुखले नाहीत, घसा दुखला.

तासाभराने टिंबं उलट आवडायला लागली. जुन्या लिहिण्यात 'नांव' म्हणजे आपलं नाव आणि 'नाव' म्हणजे होडी. आपण टिंब काढून टाकलं आणि माणसाचं नाव पाण्यात सोडलं. असो, व्याकरणवाले रागावतील.

३१ जानेवारी, शनिवार

आता चाचणी वाचन. उरलेल्यांपैकी जी हातात येईल तिची दहा पानं वाचायची आणि पुढचं वाचावंसं वाटतं का बघायचं.

पहिला फटका चुकला. सगळ्यांची पहिली दहा पानं वाचत होते. जुन्या कादंबरीत पहिली दहा पानं म्हणजे बहुतेक वेळा सूर्योदय नाहीतर सूर्यास्त, घाट, नदी, दोन घोडेस्वार, आणि मग 'वाचकहो' करून लेखक स्वतः. त्यावरून काही ठरत नाही. म्हणून नियम बदलला: पुस्तक बरोब्बर मधे उघडायचं आणि तिथून दहा पानं. कोण कोणाचं कोण हे न कळता सुद्धा जर आपण थांबलो नाही तर पुस्तक चांगलं.

'मोचनगड': मधली दहा पानं झोकात गेली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणतात, शिवकालातली, आणि लेखक 'विविधज्ञानविस्तार'चा संपादक, व्याकरणाचा माणूस. भाषा कडक इस्त्रीची. आवडली, पण ऐतिहासिक कादंबरी ग्रुपमधले तीन जण आधीच करतायत, चौथा गड नको.

'ब्राह्मणकन्या': ज्ञानकोशकार केतकर मधेच गोष्ट थांबवून समाजशास्त्र सांगायला लागतात, आणि खरं सांगू का, मला तेच भाग आवडले. पण हिच्यावर आजही अभ्यासक लिहितात, पेपर वाचतात. दुर्लक्षित म्हणवत नाही.

'रात्रीचा दिवस': मर्ढेकरांच्या कविता सगळे जाणतात, कादंबऱ्या लिहिल्यात म्हटलं की भुवया वर जातात. संज्ञाप्रवाह, म्हणजे माणसाच्या डोक्यात जे जसं येईल तसं. मी ही लोकलमध्ये वाचली (नवी प्रत, शहाणी झाले आहे) आणि भायखळा सोडून मस्जिदला उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, यावेळी सॅन्डहर्स्ट रोड. पुस्तक वाईट नाही, पुस्तकाला शांत खोली हवी आणि आमच्या घरात ती नाही.

'ढढ्ढाशास्त्री परान्ने' हातातच आली नाही. सत्यशोधक चळवळीतला माणूस, १९१० पासून 'दीनमित्र' चालवणारा, तो सुद्धा नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून, आणि त्याने भटशाहीची टर उडवायला हे असलं नाव शोधलं. नावासाठी मी ती घेतली असती. दोन ठिकाणी सांगून ठेवलंय, पण आठ तारखेच्या आत येईल असं दिसत नाही. पुढच्या वर्षी हिच्यापासून सुरुवात करणार, तेही नोव्हेंबरात.

म्हणजे चार आठवडे, हजारावर रुपये आणि हातात काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज गंमत झाली. ग्रुपवर कुणीतरी परीक्षेतली प्रश्नपत्रिका टाकली, त्यात तोच प्रश्न, मराठीतली पहिली कादंबरी कोणती. दहा सेकंदांत सात उत्तरं. मी सहज विचारलं, वाचलीय का कुणी?

अर्धा तास कुणी बोललं नाही. मग एक म्हणाला पुस्तकच आता मिळत नाही. एकीने सांगितलं की तिच्या सरांनी वर्गात गोष्ट सांगितली होती. एका काकांनी ठासून लिहिलं की ती कादंबरी नाहीच मुळी, मिशनऱ्यांची प्रचारपुस्तिका आहे. मी विचारलं, काका तुम्ही वाचलीत? ते म्हणाले, त्याला वाचायला कशाला पाहिजे.

म्हणजे ४ जानेवारीला मी जिला पहिल्या फटक्यात खोडलं ती. अकरा जणांना साल पाठ, लेखक पाठ, आणि आतलं एक पान कुणाच्या डोळ्याखालून गेलेलं नाही, माझ्या पण नाही. तिचं पूर्ण नाव 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचें निरूपण' असं आहे हे सुद्धा मला आज कळलं. मी जिथे तिथे 'विसरलेली' शोधत फिरत होते आणि ही पाठ केलेली राहून गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दोन तास. तिसऱ्या ठिकाणी, गाइडांच्या गठ्ठ्याखाली, अलीकडे छापलेली प्रत. १२० रुपये. कागद पांढरा, समास हाताएवढा, फर्मे मोजले, सगळे हजर. दुकानदार म्हणाला, "एमपीएससी करताय का?" माझं वय बघून पण विचारलं, बरं वाटलं.

तिथेच उभ्याने मधली दहा पानं. १८५७ चं पुस्तक, म्हणून पल्लेदार काहीतरी असेल अशी तयारी होती. तसं नाही. पुढे आलेल्या 'मुक्तामाला' (१८६१) किंवा 'मंजुघोषा' मध्ये जे राजपुत्र आणि अद्भुत प्रकार आहेत त्यांचा इथे पत्ता नाही. माणसं प्रवासात भेटतात, बसतात, बोलतात. बोलणं कधी कधी प्रवचनाला टेकतं हे खरं, काकांचं अगदीच चूक नाही. पण मधेच एखादी विधवा तिच्या घरात काय झालं ते सांगायला लागते आणि मग लेखकाला प्रवचन आठवत नाही. मी दहाची सतरा पानं केली, दुकानदाराने पंखा बंद केला तेव्हा कळलं.

८ फेब्रुवारी, रविवार

रात्री ११.४० ला नाव टाकलं. काका म्हणाले नियमात बसत नाही, सगळ्यांना माहीत असलेलं पुस्तक आहे. मी म्हटलं नियम 'कुणी वाचलेली नको' असा आहे, 'कुणी ऐकलेली नको' असा नाही. मतदान झालं, सहा विरुद्ध दोन, बाकीचे झोपले होते.

हिशोब लिहून ठेवते. संच ६५०, प्रिंट २९०, दंड १००, पुस्तक १२०, मिळून ११६०. यातले कामाचे फक्त शेवटचे १२०. वेळ मोजला तर चोवीस पंचवीस तास, कपाट पुसण्याचा रविवार धरून. ह. ना. आपट्यांचे तीन खंड मात्र घरात आहेत, ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

१५ फेब्रुवारी

आणखी एक चूक. पुस्तक वाचायचं २० ला, पण भाषणाची तयारी म्हणून आधी प्रस्तावना वाचली. त्यात सगळं सांगून टाकलंय: यमुनेचा नवरा वारतो, ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. म्हणजे गावोगावच्या विधवा बघत फिरणारी बाई स्वतः विधवा होते हा जो घाव आहे, तो मला एका परिच्छेदात थंडपणे मिळाला. पुनर्मुद्रणांच्या प्रस्तावना शेवटी वाचा, शक्य असेल तर स्टेपल मारून ठेवा.

प्रस्तावनेचा फायदा एवढाच झाला की साल डोक्यात नीट बसलं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षाचं. आणि लिहिणारा सव्वीस वर्षांचा, बेळगावचा, तीन वर्षांपूर्वी स्वतः धर्म बदललेला. काकांना जे पुस्तिका वाटतं ते त्या पोराला काल परवाचं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातून सातला घरी. साडेआठला सुरुवात, मोठ्याने, सासूबाई सोफ्यावर, मी खाली. पहिल्या तासात २६ पानं. पाणी जवळ ठेवा, आणि दर अर्ध्या तासाला थांबा, नाहीतर शनिवारी आवाज बसेल. मी मधात आलं घालून ठेवलं होतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी दहा ते साडेबारा, मग जेवण, मग तीनपासून.

दुपारी केशवपनाचा भाग आला. मी वाचत होते, वाचताना आपण ऐकणाऱ्याकडे बघत नाही, ओळीवर असतो. परिच्छेद संपल्यावर पान उलटलं तर सासूबाई म्हणाल्या थांब. त्यांच्या वडिलांची आत्या त्यांच्याच घरी होती, नवव्या वर्षी नवरा गेलेला, नवऱ्याचा चेहरा आठवत नाही म्हणायची. लाल आलवण, डोक्यावरून पदर, कायम मागच्या पडवीत. न्हावी यायच्या दिवशी आम्हा मुलांना बाहेर खेळायला पिटाळायचे, म्हणाल्या, आणि आम्हाला वाटायचं त्या दिवशी सुट्टी असते. लग्नाला बावीस वर्षं झाली माझ्या, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, नाव काय त्यांचं? त्या बराच वेळ आठवत बसल्या. सगळे आत्याच म्हणायचे, म्हणाल्या. नाव नाही आठवत.

पाच वाजता चहा केला. पान ८४. मी म्हटलं तुम्ही पडा जरा, मी पुढचं मनात वाचून घेते, उद्या परत वाचू. तर म्हणाल्या, "नाही, मी डोळ्यात औषध घालून आले. माझ्याशिवाय पुढे जाऊ नकोस."